मोबाईलवरची शाळा आणि आमची शाळा

परवा पारावर एक काका म्हणाले, "आता सगळं मोबाईलवर शिकता येते. पोट्ट्यांना शाळेत कशाला धाडायचं?" मी तिथेच होतो. मोठ्या माणसांच्या मधात बोलू नये म्हणून गप्प बसलो. पण मला ते पटले नाही. म्हणून मी माझे मत लिहीत आहे.

२०२० साली मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा मी अंगणवाडीत होतो. मला फार आठवत नाही, पण ताईला सर्व आठवते. ती तिसरीत गेली, पण तिसरीच्या वर्गात एक दिवसही बसली नाही. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. तोवर ती चौथीत होती.

आमच्या घरी एकच मोबाईल. तो बाबांसोबत कामावर जायचा. रात्री बाबा आले की ताई मोबाईल घेऊन तलावाच्या पाळीवर जायची, कारण रेंज तिथेच येत होती. सापाकिरड्याची भीती म्हणून माय बॅटरी घेऊन सोबत जायची. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली नावाचा कार्यक्रम लागायचा. पण आमच्याकडे टीव्ही नव्हता आणि तेव्हा कोणी कोणाला घरात घेत नव्हते.

ताई भागाकार मोबाईलवर शिकली. मोबाईलमधले सर विचारायचे, "समजले का?" ताई म्हणायची, "हो." नाही म्हटले असते तरी ते पुढेच गेले असते! आता ती आठवीत आहे, तरी मोठा भागाकार आला की गप्प होते. हे तिने मला लिहू दिले, पण नाव टाकू नको म्हणाली.

मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. मी कोणाला सांगितले नाही, उलट पाटी छातीशी लपवली. गुरुजींनी माझे तोंड पाहूनच ओळखले. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग केले आणि एक ढीग मोडून दाखवला. मी चुकलो. त्यांनी पुन्हा मोडला. तिसऱ्यांदा मला आले.

माझा एक मित्र घरी गोंडी बोलतो. पहिलीत त्याला पुस्तकातले शब्द कळत नव्हते, तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. एक दिवस गुरुजींनी त्यालाच विचारले, "तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?" तो हळूच म्हणाला, "येर." आम्ही सर्वांनी पाटीवर 'येर' लिहिले. त्या दिवसापासून तो बोलायला लागला. आता तर गप्पच बसत नाही. मोबाईलने त्याला हे काहून विचारले असते?

मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही. आमच्या पुस्तकात ठिपक्यांचे क्यूआर कोड आहेत. गुरुजी सांगतात की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड लावले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आमच्या गुरुजींनी वर्गात कोड उघडून समुद्र दाखवला. आम्ही मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगा पाहतो, तिला पलीकडचा काठ असतो. समुद्राला काठच दिसत नाही हे पाहून सारेच ओरडले. एकट्याने पाहिला असता तर मी कोणाजवळ ओरडलो असतो?

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की सुटी मिळते, तेव्हा अभ्यास मोबाईलवर येतो. दोन-चार दिवस तसे चालेल. मी वर्गात विचारून पाहिले. आम्ही अकरा मुले आहोत. दिवसा घरी राहणारा मोबाईल दोघांकडेच आहे. बाकीच्यांनी काय करावे ते काकांनी सांगितले नाही. (मोबाईलमध्ये खिचडी पण मिळत नाही.)

काकांनी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावे. शनिवारी सकाळची शाळा असते. चिंचोके मी काढून ठेवीन.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी