नावेतील श्वान

सुटीचे दिवस जवळ आले की नायगाव-दादरच्या पुष्कळ कुटुंबांत हल्ली एक प्रश्न निघतो : अलिबागेस जावयाचे खरे, पण कुत्र्याचे काय करावयाचे? पूर्वी आपल्या बिऱ्हाडांत कुत्र्याची मजल उंबऱ्यापर्यंत असे. आज तो मुलांच्या उशाशी निजतो. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. ती सुमारे तासाभरात पोहोचविते, आणि तिकीट काढून पाळीव प्राणीही तीतून नेता येतो. कित्येक हौशी मंडळी तर शिडाच्या होडीतही कुत्र्यास सोबत घेतात. तेव्हा ह्या प्रश्नाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

अशा वेळी धर्मराजाचा दाखला हटकून दिला जातो. हस्तिनापुरापासून मागोमाग आलेल्या कुत्र्यास टाकून इंद्राच्या रथात चढण्यास युधिष्ठिराने नकार दिला, ही महाप्रस्थानिक पर्वातील कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिचा अर्थ नीट लाविला पाहिजे. कुत्र्यास रथात मिरविण्याची हौस धर्मराजास नव्हती. जो भक्तीने आश्रयास राहिला त्याचा त्याग करावयाचा नाही, एवढाच त्याचा आग्रह होता. शिवाय स्वर्ग गमावण्याची तोशीस त्याने स्वतः पत्करली, कुत्र्यावर घातली नाही. आपण मात्र पुष्कळदा हौस आपली आणि तोशीस कुत्र्याची, असा व्यवहार करतो.

ही तोशीस लहान नसते. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करितो. दुपारच्या उन्हात तापलेल्या फळ्यांवर त्याचे तळवे भाजतात. तहान लागली की तो खारे पाणी पितो. त्याने वांत्या व जुलाब होतात, आणि फार प्यायल्यास जिवावरही बेतते. माणसाप्रमाणे त्यालाही बोट लागते. अंगणाची सवय असलेला कुत्रा बोटीवर तासन् तास लघवी कोंडून धरितो. 'कुत्र्याला पोहता येतेच' हे समाधानही अपुरे आहे. पोहता येणे निराळे आणि होडीच्या उंच कडेवरून पुन्हा वर चढणे निराळे. आखूड तोंडाच्या जातींची तर पाण्यात लवकरच दमछाक होते.

आपले बंदर ओळखीचे म्हणून निर्धास्त राहू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' बोटीस ह्याच बंदरात नौदलाच्या वेगवान होडीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. म्हणून कुत्र्यालाही तरंगण्याचे जाकीट घालावे. त्याच्या पाठीवर मूठ असली म्हणजे पाण्यातून उचलता येते. साखळी होडीस कधीही बांधू नये, ती माणसाच्या हाती असावी. गोडे पाणी, सावली आणि सवयीची चटई बरोबर घ्यावी. निघण्यापूर्वी काही तास पोटभर खाऊ घालू नये. अलर्काची म्हणजे रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी. ह्या सर्व बाबतीत सल्ला घेण्यासाठी लांब जावयास नको; १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आपल्या शेजारी परळासच आहे.

इतके करूनही कुत्रा थरथरू लागला, लाळ गाळू लागला किंवा फळीवर पाय ठेवीना, तर त्याला ओढून नेऊ नये. ओळखीच्या माणसापाशी, ओळखीच्या जागी त्याला ठेवून जाणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील सायमन्स टाउन येथे 'जस्ट न्यूसन्स' नावाचा एक ग्रेट डेन कुत्रा होता. खलाशांवर त्याचा एवढा जीव की १९३९ साली ब्रिटिश आरमाराने त्याचे नाव रीतसर आपल्या पटावर घातले. १९४४ साली तो वारला, तेव्हा त्याला लष्करी इतमामाने मूठमाती मिळाली. मात्र हा आरमारी श्वान समुद्रावर कधी गेलाच नाही! किनाऱ्यावर राहिल्याने त्याच्या निष्ठेस उणेपणा आला नाही, आणि खलाशांच्या प्रेमासही नाही.

मुलांना हा भेद लहानपणीच समजावून सांगावा. आपण सांगू ते मुकाट्याने ऐकणारा हा प्राणी आहे. आपण हाक मारली तर तो बुडत्या नावेतही उडी घेईल. म्हणूनच त्याच्या वतीने 'नको' म्हणण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच त्याला नावेत बोलवावे.