चिऱ्याचं घर, सिमेंटची चूक

शनिवारी राजापूरच्या साइटवर पोचलो आणि माजघराच्या भिंतीला हात लावला. ओली! पाऊस जाऊन महिना झालेला. काकू काही बोलल्या नाहीत, नुसता चहा पुढे केला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

चूक माझीच. गेल्या वर्षी ‘फिनिश’ झकास दिसावं म्हणून जांभ्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर ठोकलं. जांभा म्हणजे जाळीदार दगड. पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतोही. सिमेंटनं त्याचं तोंडच बंद केलं. जोत्यातून चढलेली ओल आत कोंडली, प्लास्टरला पोपडे सुटले. आमचे गवंडीकाका तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, चुनाच वापरा." साहेबांनी ऐकलं नाही.

आता सगळं खरवडून काढतोय, स्वखर्चानं. यंदा नफ्याचं नाव काढू नका! आतून भिजवलेल्या चुन्याचे पातळ थर, आणि प्रत्येक थर हवेवर घट्ट व्हायला वेळ. घाई केली की तडे. बाहेरून चिरा उघडाच राहील, फक्त दरजांत चुना. खाणीतून मऊ निघणारा हा दगड हवेवर कडक होतो, त्याला मेकअप कशाला?

बाकी वासे ठणठणीत. मंगलोरी कौलं धुऊन परत चढली, थोडीच फुटली. गोठ्याची गेस्टरूम मात्र अडलीय. नातवंडं नाताळात मुंबईहून येणार, तोवर होईल ना, काकूंनी विचारलं. या वेळी ‘होईल’ म्हटलं नाही. मार्च म्हटलं.