परवान्याचे शस्त्र आणि खांद्यावरची पिशवी

बिबवेवाडीतून गंगाधाम चौकमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे पहाटेच निघणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खांद्यावर आडव्या पट्ट्याची पिशवी हमखास दिसते. तीत डबा, हिशेबाची वही, मोबाईल, कधी दिवसाची रोकड. यांपैकी एखाद्याजवळ शस्त्रपरवाना असेल, तर रिव्हॉल्व्हरही त्याच पिशवीत टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. कमरेला लावलेले शस्त्र दुचाकीवर बसताना टोचते, शर्टाखालून त्याचा आकार उमटतो. पिशवी सोयीची, आणि जितकी ऐसपैस, तितकी अधिक सोयीची. विचार चुकतो तो येथेच.

या देशातील प्रजेला निःशस्त्र करणारा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये आला. १९०९ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून लंडनहून मायदेशी धाडली, ती या पार्श्वभूमीवर. शस्त्र दडविणे हा तेव्हा परकीय सत्तेशी चाललेल्या झुंजीचा भाग होता. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला. १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी घटना समितीत त्याचा आग्रह धरला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती दुरुस्ती फेटाळली गेली. तेव्हापासून शस्त्र हे नागरिकाला राज्याने विश्वासाने सोपविलेली वस्तू आहे. त्यामुळे आजच्या परवानाधारकाने ते झाकून नेण्यात कोणताही क्रांतिकारक बाणा नाही, हेही स्पष्टच सांगितले पाहिजे.

पुण्यात हा परवाना पोलीस आयुक्त देतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. ते शस्त्र सार्वजनिक ठिकाणी कसे न्यावे, हे २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. ते अंगाशी जोडलेल्या, त्यासाठीच बनविलेल्या वा योग्य करून घेतलेल्या म्यानात किंवा पिशवीत असावे, पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. यातील झाकण्याचा भाग सर्वांना पटतो. ताब्याचा भाग मात्र पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवताच विसरला जातो.

मोठ्या पिशवीत शस्त्र तळाशी जाते. डबा, किल्ल्या, चार्जर, पावत्या यांच्या गर्दीत चापापर्यंत काय पोहोचेल याचा नेम नाही. संकटाच्या क्षणी आधी वही हाताशी येते, हा त्यातला लहान धोका. किल्लीचा जुडगा चापात अडकणे हा मोठा. म्हणून पिशवीच घ्यायची, तर शस्त्राचा कप्पा स्वतंत्र असावा आणि त्यात दुसरी कोणतीही वस्तू, अगदी रुमालही, जाऊ नये. आतले म्यान ताठ, चाप पूर्ण झाकणारे असावे. पट्टा रुंद, दुहेरी शिवणीचा असावा. दुचाकीवरून हिसका मारणाऱ्याला पातळ पट्टा आयताच सापडतो. पिशवी पाठीवर टाकू नये, ती पोटाशी राहावी. आकाराने ती मध्यमच बरी, कारण जागा दिसली की घरातील प्रत्येक जण आपली वस्तू तीत ठेवावयास देतो.

महिलांच्या पर्समध्ये मावेल असे हलके 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये काढले, तेव्हा त्याचे स्वागत झाले. एकटीने ये-जा करणाऱ्या स्त्रीची भीती खोटी नसते आणि स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी सर्वांनाच दिला आहे. परंतु पर्स ही दिवसातून अनेकदा खाली ठेवली जाणारी वस्तू आहे. देवळात दर्शनाला जाताना, भाजी घेताना, लग्नात पंगतीला बसताना "जरा धरा हो" असे म्हणून ती शेजारणीकडे दिली जाते. परवाना मात्र एकाच नावाचा असतो. ज्या दिवशी शस्त्र बरोबर असेल, त्या दिवशी हे तीन शब्द तोंडून निघता कामा नयेत. ते जमणार नसेल, तर शस्त्र घरी कुलुपात राहिलेले बरे.

आणि घरी परतल्यावर पिशवी दारामागच्या खुंटीला लागते. बाबांनी काही खाऊ आणला का, हे पाहण्यासाठी पोरांचे हात प्रथम तीतच जातात. त्याआधी, पायांतील चपला काढण्यापूर्वीच, शस्त्र कपाटात गेलेले असावे आणि किल्ली दुसऱ्या जागी.