परिपाठात हात जोडायचे का?

जून आला की पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, परिपाठात मुलाने हात जोडावेत का?"

संविधानाचं कलम २८ याबाबत स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. ही संमती आपल्याकडे कुणी मागितली? आणि आपण तरी कधी विचारलं? घरी कुरकुरतो, पालकसभेत गप्प बसतो.

१९८६ साली सुप्रीम कोर्टाने केरळच्या तीन ख्रिस्ती भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहायची, फक्त गात नव्हती. आमचा सल्लाही तोच. मुलाने रांगेत अदबीने उभं राहावं, पालकांनी मुख्याध्यापकांना साधं पत्र द्यावं. भांडण नको.

मात्र माप एकच हवं. २०१९ मध्ये पिलीभीतच्या सरकारी शाळेत इक्बालची 'लब पे आती है दुआ' म्हणवून घेतली म्हणून मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं. आपल्याला वाईट वाटलं, वाटायलाच हवं. पण आपल्या उर्दू शाळेत एखादं बिगरमुस्लिम मूल असलं, तर त्याच्या आईवडिलांना आपण विचारतो का?

उद्देशिकेला अशी परवानगी लागत नाही. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातल्या शाळांत ती रोज वाचायची आहे.