छंदशाळा : गिटारचा पॉट आणि शेताचा पाट

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची म्हटलं, की सगळे लाकूड कुठलं, तारा कुठल्या, रंग कोणता याच्याच मागे लागतात. आवाज लहानमोठा करणाऱ्या गोल बटणाचा विचार सगळ्यात शेवटी! मग साताऱ्यातल्या नाहीतर सांगलीतल्या एखाद्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात जायचं, ‘काका, व्हॉल्यूमचा एक पॉट द्या’ म्हणायचं आणि हातात येईल तो खिशात टाकायचा. तो 10 किलोओहमचा असेल, तर ॲम्प्लिफायरच्या किटमध्ये छान चालेल. पण गिटारमध्ये बसवलात, की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येईल. असं का बरं?

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते. तिच्या दोन टोकांना दोन पाय, आणि पट्टीवरून सरकणाऱ्या पात्याला मधला पाय. बटण फिरवलं, की पातं सरकतं आणि रोध बदलतो.

आता गिटारच्या पिकअपकडे वळू. चुंबकाभोवती तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे, म्हणजे पिकअप. वर गिटारची पोलादी तार थरथरली, की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ही वीज म्हणजे बारीक झऱ्याचं पाणी समजा. ते पाटाने शेतापर्यंत, म्हणजे ॲम्प्लिफायरपर्यंत न्यायचंय. पॉट हे त्या पाटाच्या बांधाला पडलेलं भोक! रोध कमी, तर भोक मोठं. 10 किलोओहम म्हणजे भगदाडच. पाणी वाटेतच गळून जातं.

गंमत अशी, की बटण पूर्ण उघडलं तरी हे भोक बुजत नाही. शिवाय वेढ्यांची वीज जितक्या बारीक स्वराची, तितकी तिला वाट काढायला अवघड. म्हणून गळतीत आधी जातात ते बारीक, चमकदार स्वर. उरतो तो घोगरा आवाज. पॉट नवं काही घालत नाही, असलेलं काढून घेतो. म्हणून निवडताना विचारायचं ते एवढंच : हा किती काढून घेणार?

एका वेटोळ्याच्या म्हणजे सिंगल कॉइल पिकअपला साधारण 250 किलोओहमचा पॉट लावतात. त्याचा आवाज मुळातच टोकदार, थोडी धार गेली तर गोडच लागतो. दोन वेटोळ्यांच्या हमबकरचा आवाज भरदार; त्याची चमक राखायला 500 किलोओहम. हे आकडे न मिळाले तर 220 आणि 470 खुशाल घ्या. पॉटच्या छापील आकड्यात 20 टक्क्यांपर्यंत फरक असतोच! टोनच्या पॉटला जोडायचा कपॅसिटर बहुधा सिंगल कॉइलला 0.047 आणि हमबकरला 0.022 मायक्रोफॅरडचा असतो. गावात नाहीच मिळालं, तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी तपकीर गल्लीतून आणायला सांगा.

पण आमच्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा! पिकअप थेट जॅकला जोडा. जॅकच्या दोन टोकांमध्ये आधी 10, मग 220, मग 470 किलोओहमचा साधा रेझिस्टर लावा आणि प्रत्येक वेळी सर्वांत बारीक तार छेडा. पॉट घेण्याआधीच कान निवाडा देतील.

कानांनी निवाडा करायची विद्या सांगली जिल्ह्याला नवी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा जरासा घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. तारेखालचा दोरा केसभर सरकला, तरी आवाज उघडतो नाहीतर मिटतो. तीच सबुरी इथेही हवी.

दुकानात आणखी एक विचारा : ‘लॉग की लिनिअर?’ गणपतीच्या मिरवणुकीत एका ढोलाला दुसरा ढोल मिळाला, तर लगेच कळतं. पन्नासांत एक मिसळला, तर कळत नाही. आपला कान असा पटीत ऐकतो, म्हणून व्हॉल्यूमला बहुधा लॉग पॉट लावतात. लिनिअर लावला, तर बरीचशी करामत बटणाच्या एकाच टोकाला होते. हल्ली बहुतेक पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनिअर. जुन्या मालावर अक्षरं उलटीही सापडतात, म्हणून मल्टिमीटर जवळ ठेवा. बटण मध्यावर ठेवून मधल्या पायापासून दोन्हीकडचा रोध मोजा. सारखा आला, तर लिनिअर. एकीकडे जेमतेम दहावा-सातवा हिस्सा आणि बाकी सगळा दुसरीकडे, तर लॉग. आणि लाकडाला भोक पाडण्याआधी पॉटची मान मोजायला विसरू नका!

आईबाबांसाठी दोन शब्द. डाग देताना मुलांजवळ बसा. गिटारच्या तारा अर्थच्या वायरला जोडलेल्या असतात, म्हणजे मुलांचा हात थेट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला लागल्यासारखाच. घरच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. तोवर बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायरच बरा. पॉट चुकला तर आवाज बिघडेल, बदलता येईल. अर्थिंग चुकलं, तर दुरुस्तीला वाव नाही.