मारुती कांबळेचा शोध कोणी घ्यायचा?

१९७४ सालचा 'सामना' आम्ही काही मंडळींनी अलीकडे कामठीत पुन्हा एकत्र बसून पाहिला. एका तरुण कार्यकर्त्याने स्पष्टच विचारले, "खून कोणी करविला हे केव्हाच कळते, मग एवढे रेंगाळायचे कशाला?" तक्रार प्रामाणिक आहे, तिला उत्तर दिले पाहिजे.

रहस्यपटाचा साचा आपल्या परिचयाचा आहे. प्रेत सापडते, चतुर गुप्तहेर धागे जुळवितो आणि अखेरीस संशयितांना दिवाणखान्यात बसवून खुन्याकडे बोट दाखवितो. हा साचा त्याच वर्षी सत्यजित राय यांनीही मोडला. 'सोनार केल्ला'त त्यांनी दुष्टांची ओळख प्रेक्षकांना आधीच करून दिली. तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी तर गुप्तहेरच ठेवला नाही. श्रीराम लागूंचा मास्तर हा स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, आता दारूने खंगलेला भणंग माणूस. साखर कारखान्याचे धनी हिंदुराव (निळू फुले) त्याला आसरा देतात, पाजतात. आणि या पाहुणचारातच मारुती कांबळे हे नाव त्याच्या कानी पडते. मारुतीचे काय झाले, एवढेच तो विचारीत राहतो. हे मुळीच ठाऊक नसलेला माणूस त्या गावात विरळाच. माहिती मिळायला तेथे वेळ लागत नाही. ती मोठ्याने उच्चारायला लागतो. चित्रपटाचा संथपणा हा त्या भीतीचा वेग आहे, आणि कात्री लावून तो वाढविला असता तर उरला असता एक सामान्य खूनखटला.

माझा आक्षेप निराळा आहे. मारुतीसाठी प्रश्न विचारायला बाहेरचा मास्तरच का यावा लागतो? मारुतीची माणसे पडद्यावर बहुतांशी मुकी आहेत. कामठीच्या प्रेक्षकाला हे खटकणारच. विडी कामगारांना संघटित करणारे, १९३७ साली प्रांतिक विधिमंडळात निवडून गेलेले बाबू हरदास याच गावचे. ते कोणा मास्तराची वाट पाहत बसले नव्हते.

खैरलांजीचे उदाहरण तर शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. गावाला ती ठाऊक होती, बोलले कोण? विदर्भातील दलित वस्त्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे वृत्तपत्रे जागी झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, परंतु हत्येमागे जातीचा हेतू मान्य केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो मानला नाही. म्हणजे 'कोणी मारले' याचे उत्तर कागदावर आले आणि 'का मारले' हे तसेच राहिले. माझ्या तरुण मित्राने 'सामना' पुन्हा पाहावा तो हा दुसरा प्रश्न मनात धरून. मग मास्तर एकच गोष्ट इतक्या वेळा का विचारतो, हे त्याला मी सांगायची गरज उरणार नाही.