मुलूख 'सीड' झाला, संस्थान 'लॅप्स' झाले. मग घेतले कोणी?

मराठीत इतिहास लिहिणाऱ्या नव्या पिढीच्या लेखनात एक सवय रुजते आहे. कंपनीने प्रदेश 'अ‍ॅक्वायर' केला, पेशव्यांनी मुलूख 'सीड' केला, सातारा 'लॅप्स' झाले. हे शब्द शास्त्रीय आणि तटस्थ वाटतात. वास्तविक ते घेणाऱ्याच्या दफ्तरातले शब्द आहेत.

साताऱ्याचेच पाहावे. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीच्या कारकिर्दीत तो वारस म्हणून नामंजूर झाला आणि राज्य कंपनीच्या मुलखात गेले. 'लॅप्स' म्हटले की मुदत संपलेल्या कागदासारखे राज्य आपोआप गळून पडल्याचा भास होतो. 'खालसा केले' म्हणताच प्रश्न उभा राहतो: कोणी केले? (खालसा हा शब्दही मूळचा महसुली. ज्या जमिनीचा वसूल थेट सरकारी खजिन्यात जातो, ती खालसा. म्हणजे पैसा कुठे वळला, तेही त्यात आलेच.)

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. हडपसरला होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, असा हा व्यवहार. त्याला मराठीत 'मुलूख तोडून दिला' असा नेमका प्रयोग आहे. त्या 'तोडून'मध्ये जी कळ आहे, ती 'सीड'मध्ये शोधूनही सापडणार नाही.

निजामाने १८०० मध्ये कंपनीला दिलेल्या तेलुगू जिल्ह्यांना 'सीडेड डिस्ट्रिक्ट्स' हेच नाव पडले. तेलुगूत त्याचे 'दत्त मंडलम' झाले, म्हणजे देऊन टाकलेला प्रदेश. देणारा निजाम, घेणारी कंपनी, आणि नाव मात्र तिथल्या रहिवाशांना चिकटले. १९२८ मध्ये नंद्याळच्या सभेत ते टाकून 'रायलसीमा' हे नाव स्वीकारले गेले.

अर्थात मराठी शब्द तेवढा प्रामाणिक, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. इंग्रजांचे 'अ‍ॅक्विझिशन' उलगडून दाखवणारे लेखक 'मुलूखगिरी' लिहिताना मात्र थबकत नाहीत. हा शब्द ऐकायला देशाटनासारखा. त्यात जाळपोळ नाही, खंडणी नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, त्याला पुण्या-नागपुरात मोहीम म्हणत. बंगालमध्ये त्यासाठी 'बर्गी' हा शब्द आहे, आपल्याच 'बारगीर'वरून झालेला. मुलांना झोपवताना तिथे तो आजही उच्चारला जातो.